तळ्यात मासा कुणी सोडला?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बॅचचे नऊ जण काश्मीरला गेलो होतो. हरमुख पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर नुंदकोल नावाचं तळं आहे. तिथे गळाला पिसांची माशी बांधून ट्राउट मासे गरवायचे, असा बेत होता. त्याचे फोटो ग्रुपवर पडल्यावर नेहमीप्रमाणे अंगठे आणि बदाम आले. इतिहासाच्या बाईंनी मात्र एकच प्रश्न टाकला, "हा मासा मूळचा तिथलाच का गं?"

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पण तो मासा तिथे कसा पोहोचला हे सांगायचं तर टास्मानिया, निलगिरी, श्रीनगर, लोणावळा असा फेरा मारावा लागतो, आणि तो फेरा आपल्या वसईच्या बावखलापाशी येऊन थांबतो. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, संगणकावर पोट भरणारी आहे. पण एखादी गोष्ट आज अशी का आहे हे समजून घ्यायचं तर ती आधी कुणी, कधी आणि कशासाठी बदलली हे पाहावं लागतं, ही सवय आमच्याही धंद्यात लागते.

जाळं, गळ आणि माशी

वसईच्या माणसाला मासेमारी नवी नाही. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या कोळीवाड्यांचा संसार डोलीच्या जाळ्यावर उभा राहिला. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली लांबलचक पिशवी. ती समुद्रात पक्की रोवून ठेवायची आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत यायची वाट पाहायची. बोंबील, जवळा, मांदेली असेच येतात. उधाणाला पाण्याची ओढ जोरात म्हणून धंदा चालतो, भांगाला ओढ मंदावते म्हणून जाळी वर येतात. माशाच्या मागे धावायचं नाही, पाण्याची ओढ ओळखायची, हे या मासेमारीचं मर्म आहे.

माशी बांधून गरवण्याची तऱ्हा वेगळी. साध्या गळाला गांडूळ किंवा कोळंबीचा तुकडा लावतात, वर शिशाचं वजन असतं, आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. इथे आमिष नसतंच. कोंबड्याची पिसं आणि रेशमी धागा गळाभोवती गुंडाळून पाण्यावर बसणाऱ्या किड्यासारखी एक नकली माशी तयार करतात. तिला वजन जवळपास नाही, मग ती फेकायची कशी? त्यासाठी दोरीच जाड आणि जड केलेली असते. काठीने ती दोरी मागे-पुढे हवेत झुलवायची आणि तिचा झोत संपता संपता माशी अलगद पाण्यावर टेकवायची. पाण्यावर सपकन आवाज झाला की मासा पळाला. मराठीत तर गंमतच आहे. माशीने मासा धरायचा.

आमच्यातल्या पाचूबंदरच्या मैत्रिणीने हा सगळा प्रकार पाहून पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढा खटाटोप एका माशासाठी? आणि तोही परत सोडायचा?" तिच्या घरी तीन पिढ्या होड्या आहेत. आम्ही बाकीचे वाटाड्याकडून मनगट कसं वळवायचं हे शिकण्यात गुंतलो होतो. ती मात्र तळ्याच्या काठाने चालत गेली आणि वरून ओढा जिथे तळ्यात उतरतो तिथे जाऊन उभी राहिली. नऊ जणांत मिळून दिवसभरात दोनच मासे लागले. ते दोन्ही तिला. कारण विचारलं तर म्हणाली, "ओढ जिथून येते तिथेच मासा तोंड करून उभा असणार ना." वाटाड्या हसला. ट्राउटबद्दलच्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं. वाहतं पाणी किडे घेऊन येतं, मासा प्रवाहाकडे तोंड करून त्यांची वाट पाहतो.

मासेमारीसाठी जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. किती मासे ठेवायचे याला मर्यादा असते आणि थंडीत, ट्राउट अंडी घालतो त्या काळात, मासेमारी बंद असते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रात बंदी असते, त्यामागचा विचार हाच. नुंदकोलपासून जवळच गंगाबल हे मोठं तळं आहे. काश्मिरी पंडितांचं ते तीर्थ. तिथे गळ टाकायचा नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. काठावर बसून आलो. पायथ्याच्या नारानागला जुन्या देवळांचे भग्न चौथरे आहेत. सर, ते पाहताना तुमची आठवण आली, कारण त्यांचा संबंध आठव्या शतकातल्या ललितादित्य राजाशी जोडला जातो आणि ललितादित्याचं नाव आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं होतं.

बर्फ आणि शेवाळ

आता बाईंच्या प्रश्नाकडे येते. तपकिरी ट्राउट हा युरोपातला मासा. त्याला थंड, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज जगभर पसरले तेव्हा ते आपली गुलाबाची झाडं, चिमण्या, ससे सगळं बरोबर घेऊन गेले. त्यांना मासाही न्यायचा होता. अडचण अशी की जिवंत मासा बोटीवर तीन महिने टिकत नाही आणि अंडी उष्ण कटिबंधातून जाताना सडतात.

यावर तोड काढली जेम्स यूल नावाच्या गृहस्थाने. माशाच्या अंड्यात पिल्लाचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले की ते अंडं जरा चिवट होतं, आणि त्या अवस्थेत ते गोठणबिंदूच्या जवळ ठेवलं तर वाढ अगदी मंदावते. यूलने अंडी ओलसर शेवाळाच्या थरांत लाकडी पेट्यांत भरली आणि त्या पेट्या बर्फाच्या कोठारात ठेवल्या. १८६४ च्या जानेवारीत 'नॉरफोक' हे जहाज इंग्लंडहून निघालं आणि एप्रिलमध्ये मेलबर्नला लागलं. तिथून पेट्या टास्मानियात गेल्या. खरं तर मोहीम सामन माशासाठी होती. सामनची लाखभर अंडी होती, ट्राउटची थोडीशी, जाता जाता घेतल्यासारखी. सामन पिल्लं समुद्रात गेली ती परत आलीच नाहीत. ट्राउट मात्र रुजला, आणि तिथून न्यूझीलंडला गेला.

हिंदुस्थानात पहिला प्रयत्न निलगिरीत झाला. फ्रान्सिस डे हा मद्रास प्रांतातला डॉक्टर, पुढे भारतातल्या माशांवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने १८६३ मध्ये उटीच्या ओढ्यांसाठी ट्राउट आणायचा घाट घातला, पण तो फसला. निलगिरीत यश यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

काश्मीरची गोष्ट फ्रँक मिचेल याच्या भोवती फिरते. श्रीनगरात त्याचा गालिच्यांचा कारखाना होता. महाराजा प्रतापसिंहांचा काळ. १८९९ मध्ये इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने ट्राउटची अंडी भेट म्हणून पाठवली. ती वाटेतच गेली. १९०० मध्ये दुसरी खेप आली ती जगली. सुरुवातीची काही पिल्लं मिचेलच्या कारखान्याच्या आवारातच वाढवली गेली. मग दाल सरोवराच्या वरच्या अंगाला हारवान इथे अंडी उबवण्याचं केंद्र झालं आणि तिथली पिल्लं काश्मीरच्या ओढ्यानाल्यांत, उंचावरच्या तळ्यांत सोडली गेली. १९०९ मध्ये हॉवेल या अधिकाऱ्याने काश्मीरहूनच अंडी नेऊन कुलूच्या बियास खोऱ्यात ट्राउट रुजवला. म्हणजे आपण मनालीला जाऊन 'इथला खास मासा' म्हणून जो ताटात घेतो, त्याचं कूळ असं दोनदा स्थलांतर केलेलं आहे.

मग काश्मीरच्या पाण्यात आधी काही नव्हतं का? होतं. काश्मिरी भाषेत माशाला गाड म्हणतात, आणि झेलमच्या पाण्यात गाडच्या अनेक जाती आहेत. इंग्रजांनी त्यांना 'हिमट्राउट' असं नाव दिलं, पण ते मासे ट्राउटच्या कुळातले नाहीत. आपल्या रोहू-कटल्यासारखे ते कार्प कुळातले आहेत. माणूस परक्या ठिकाणी गेला की तिथल्या गोष्टींना घरचीच नावं देतो. ट्राउट शिकारी मासा आहे. तो लहान मासे, त्यांची पिल्लं खातो. जिथे तो रुजला तिथे आधीच्या रहिवाशांना जागा सोडावी लागते.

हे किती दूर जाऊ शकतं याचा दाखला कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत मिळतो. तिथल्या उंचावरच्या बहुतेक तळ्यांत मुळात मासाच नव्हता, कारण धबधबे चढून तो वर जाऊच शकत नव्हता. तिथे हौशी मासेमारांसाठी आधी खेचरांवरून आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून चक्क विमानातून ट्राउटची पिल्लं टाकली गेली. त्या तळ्यांत पिवळ्या पायांचे बेडूक हजारोंनी असत. ट्राउटने त्यांचे बेडूकमासे खाल्ले आणि तळ्यामागून तळी मुकी झाली. पुढे शास्त्रज्ञांनी काही तळ्यांतून जाळी लावून ट्राउट काढून टाकला, तेव्हा बेडूक परत आले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीने कोकरनागला मोठं ट्राउट केंद्र उभं राहिलं. आज काश्मीरच्या खेड्यांत ओढ्याचं पाणी सिमेंटच्या लांब हौदांतून वळवून ट्राउट वाढवणारी कुटुंबं आहेत. साहेबाच्या छंदासाठी आलेला मासा त्यांच्या मुलांच्या फीचे पैसे देतो. सव्वाशे वर्षांनंतर त्याला परका म्हणून हाकलून द्या असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की सोडताना कुणी पाण्यात आधी काय आहे हे मोजलं होतं का.

मोजणारा साहेब आणि मराठी नावं

मोजणारा एक साहेब आपल्याकडे होऊन गेला. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी. सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम दिलं होतं. लोकसंख्या, पिकं, जमिनी मोजता मोजता त्याने भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासेही गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णनं लंडनमध्ये प्रसिद्ध केली. विशेष असं की नव्या जातींना नाव देताना त्याने अनेकदा नदीकाठच्या मच्छीमारांनी सांगितलेलं नावच घेतलं. त्यामुळे आजही जगभरचे शास्त्रज्ञ टॉर खुद्री, गारा मुल्ल्या, नुक्ता, कोळस अशी नावं लिहितात. ज्या भोई-कोळ्यांनी ती नावं सांगितली त्यांची नावं कुठेही नाहीत, पण त्यांचे शब्द लॅटिन व्याकरणात बसून राहिले आहेत. ही परंपरा पुढेही चालली. मुंबई राज्याच्या मत्स्य खात्यातले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये कृष्णेतला एक मासा नोंदवला. तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. त्यांनी त्याचं शास्त्रीय नावच 'खवलचोर' ठेवलं.

टॉर खुद्री म्हणजे महसीर. मोठ्या खवल्यांचा, जोरकस, डोंगरी नद्यांचा मासा. गळाला लागला तर ट्राउटपेक्षा कितीतरी जास्त झुंज देतो, म्हणून साहेबांनी हिंदुस्थानातल्या माशांत त्याला पहिला मान दिला. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतो. आणि इथेच विसाव्या शतकाशी त्याची गाठ पडली. टाटांनी लोणावळ्याला धरणं बांधली, १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहामुळे आपल्याला धरणाखाली जाणाऱ्या जमिनी आठवतात. वर चढणाऱ्या माशाची वाट बंद झाली याची आठवण कमी जणांना असते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टाटांच्याच वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाशी महसीर वाढवण्याचं केंद्र सुरू केलं. त्यात डॉ. कुलकर्णींचा मोठा वाटा होता. पकडलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यांवर नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या ताटांत ती उबवायची. लाखो पिल्लं तयार होऊ लागली. ती दूर पाठवायची तर पाण्याचे पिंप नेणं अवघड. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की महसीरची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने नेता येतात. १८६४ मध्ये बर्फातलं शेवाळ, शंभर वर्षांनंतर ओला कापूस. युक्ती एकच.

इथवर ही सुखद कथा आहे. पण लोणावळ्याची पिल्लं देशभर गेली त्यात कावेरीही होती. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, आकाराने अवाढव्य. हळूहळू तिथल्या गळांना निळसर परांचा आपला महसीर जास्त लागू लागला आणि तिथला मूळचा दिसेनासा झाला. धरणं, सुरुंगाने मासे मारणं, वाळू उपसा ही कारणंही होतीच. पण बाहेरून आलेल्या भाऊबंदाने उरलेली जागा घेतली, असं अभ्यासक म्हणतात. चमत्कारिक गोष्ट अशी की कावेरीच्या त्या माशाला तोवर नक्की शास्त्रीय नावही जुळवलं गेलं नव्हतं. ते २०१८ मध्ये जुळलं, टॉर रेमादेवी असं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. नाव मिळालं आणि धोक्याचा शिक्का बसला, दोन्ही एकाच वर्षी. इथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. महसीर वाचवायला निघालेल्या लोकांच्या हातून हे झालं. म्हणूनच ही गोष्ट मला ट्राउटपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

याच महसीरची तिसरी तऱ्हा आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या डोहातले मासे देवाचे मानतात, कुणी धरत नाही. त्यात महसीर आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीतही असंच आहे, लोक तिथे माशांना कुरमुरे घालतात. तिळशाला कुणी अंडी नेली नाहीत, परवाने छापले नाहीत. इथे हात लावायचा नाही, एवढी एक गोष्ट पिढ्यानपिढ्या पाळली गेली. तीच वैतरणा पुढे विरारच्या उत्तरेला अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. शाळेच्या सहलीत आपण ज्या खाडीच्या तोंडाशी वाळूत खेळलो, तिच्याच वरच्या अंगाला तो डोह आहे.

बावखलातला मासा

आता घरचं. गास, निर्मळ, भुईगाव, होळी, आगाशी अशा गावांतून आलेल्यांना बावखल म्हणजे काय ते सांगायला नको. पुढच्या बॅचच्या मुलांसाठी सांगते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात जमिनीतलं गोडं पाणी फार खोल नाही. वाडीत खोल खड्डा खणला की पाणी लागतं, पावसात तो भरतो, आणि वर्षभर केळीला, पानवेलीला, भाजीला, फुलांना पुरतो. काठाला रहाट असे. सामवेदी, वाडवळ अशा वाडीवाल्या समाजांनी पिढ्यानपिढ्या अशी बावखलं राखली. समुद्र हाकेवर असूनही वसईचं पाणी गोडं राहिलं त्यात या खड्ड्यांचा वाटा मोठा, कारण पावसाचं पाणी तिथून जमिनीत मुरतं आणि खारं पाणी मागे रेटलं जातं.

आणि त्यात मासे असायचे. मे महिन्याच्या सुट्टीत बांबूची काठी, टाचणी वाकवून केलेली गरी आणि गांडूळ घेऊन आपल्यातल्या निम्म्या मुलांनी तिथे दुपारी काढल्या आहेत. मरळ, शिंगटी, वाम, बारीक खवल्या. ते मासे कुणी सोडले होते?

कुणीच नाही. ते पावसाने आणले. पहिल्या मोठ्या पावसात ओढे, शेतं, नाले, बावखलं एक होत. मासे प्रवाहाविरुद्ध चढत. चढणीचे मासे म्हणून कोकणात सगळ्यांना माहीत आहेत ते हेच. शेतात अंडी घालून काही परत जात, काही बावखलात राहत. म्हणजे बावखलातला मासा हा वाटेचा मासा होता. वाट मोकळी होती म्हणून तो होता.

मग सोडलेले मासे आले. १९११ मध्ये डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला आणि विहिरींमधल्या डासांवर बोट ठेवलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच डासांच्या अळ्या खाणारे गप्पी आणि गंबुसिया हे अमेरिका खंडातले मासे हिंदुस्थानात आले. आपल्या लहानपणी पिशवीत गप्पी मासे घेऊन येणारे आरोग्य खात्याचे कर्मचारी तुम्हाला आठवत असतील. १९५२ मध्ये आफ्रिकेतला तिलापिया आला, तो जाईल तिथे पसरला. धरणांत बंगालकडचे रोहू, कटला सोडले गेले. हल्ली घरातल्या काचेच्या पेटीत मोठा झालेला सकर मासा दया म्हणून तळ्यात सोडणारेही आहेत. त्यातल्या प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. साहेबाचाही होता.

पण बावखलाच्या बाबतीत खरा घाव सोडलेल्या माशाचा नाही, तुटलेल्या वाटेचा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं तेव्हा आपण शाळेत होतो. घरची मोठी माणसं मोर्चाला जात आणि आपल्याला त्यातलं एवढंच कळे की वाड्या वाचवायच्या आहेत. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, नळाला सूर्याचं पाणी आलं. रहाट थांबले आणि बावखल म्हणजे वाया गेलेली जागा वाटू लागली. कुठे मातीचा भराव, कुठे कचरा, कुठे भिंत. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी तुंबलं, मिठागरातले लोक अडकले, रेल्वे थांबली, तेव्हा सगळ्यांनी नाल्यांची चर्चा केली. पाणी धरून ठेवणाऱ्या बावखलांची चर्चा फार कमी झाली. पाण्याची वाट आणि माशाची वाट एकच असते. एक बंद केली की दुसरीही बंद होते.

बाई, तुमच्या प्रश्नामुळे मला हे लक्षात आलं की काश्मीरमध्ये १९०० साली कुणी काय सोडलं हे मी घरबसल्या वाचू शकते, कारण साहेबाने ते लिहून ठेवलं. पण माझ्या माहेरच्या आळीतल्या बावखलात १९७० साली कोणते मासे होते हे कुठेही लिहिलेलं नाही. ते फक्त आपल्या आई-वडिलांना, आणि तुम्हा शिक्षकांपैकी जे इथलेच आहेत त्यांना, ठाऊक आहे. साइक्सने विचारलं म्हणून मुळा-मुठेच्या मच्छीमारांचे शब्द दोनशे वर्षं टिकले. आपल्याकडे सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोलींत एकाच माशाला वेगवेगळी नावं आहेत. ती विचारणारा कुणी आला नाही तर ती बोलणाऱ्यांबरोबरच जातील. आणि पाण्यात आधी काय होतं हे माहीत नसेल, तर उद्या कुणी बावखल वाचवायला निघालं तरी त्यात काय परत आणायचं हे त्याला कसं कळणार? कावेरीचा धडा हाच आहे.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक काम मांडते. आपण सगळे मिळून वसईच्या बावखलांची नोंद करू. त्यासाठी मी एक साधा तक्ता तयार केला आहे. मोबाइलवर भरता येतो, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी फोनवर सांगितलं तरी मी भरेन. रकाने मोजकेच: गाव आणि आळी, बावखल कुणाच्या वाडीत, आज आहे की बुजलं, रहाट कधी थांबला, काठावर कोणती झाडं, पावसात पाणी कुठून यायचं आणि कुठे जायचं, कोणते मासे होते, घरी त्यांना काय म्हणायचे, आता काय आहे. सांगणाऱ्याचं नाव हा शेवटचा रकाना, आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर तो भरायचाच. तेवढं साइक्सच्या हातून राहिलं होतं.

पाचूबंदरच्या मैत्रिणीने खाडीच्या बाजूचा भाग घेतला आहे: चिवणी, बोय, निवट्या आणि मिठागरांतली कोळंबी. तिच्या आजीने निवट्यांची तीन नावं सांगितली, तिन्ही लिहून घेतली आहेत.

पहिली नोंद माझ्या माहेरची आहे. बावखल अर्धं शिल्लक, लांबी सुमारे साठ पावलं, काठाला भेंडाची तीन झाडं आणि एक करंज, रहाट १९८८ पासून बंद. पाणी पूर्वेच्या शेतातून यायचं, तिथे आता रस्ता आहे. पूर्वीचे मासे मरळ, शिंगटी, वाम, खवल्या. आताचे गप्पी आणि तिलापिया. रस्त्याखालून एक पाइप टाकता येईल का, हे यंदाच्या पावसाआधी भावाला आणि शेजाऱ्यांना विचारायचं आहे.